विश्लेषण : प्रकल्पात ‘एआय’ची मदत घेतली, तर ते लिहायचे कसे?

प्रकल्पवह्या जमा करण्याचे दिवस आले की जळगाव आणि धुळ्यातल्या स्टेशनरीच्या दुकानांत रंगीत कागद, चिकटवायची चित्रे आणि स्पायरल बाइंडिंगसाठी गर्दी होते. हे चित्र जुनेच आहे. वह्यांच्या आतला मजकूर मात्र बदलला आहे. आधी ‘गाईड’मधला परिच्छेद उतरवला जायचा, नंतर सायबर कॅफेतून प्रिंट काढली जाऊ लागली. आता मोबाइलवर एक प्रश्न टाकला की चॅटजीपीटी, जेमिनी किंवा मेटा एआय प्रस्तावनेपासून निष्कर्षापर्यंत सगळे लिहून देते. ऋणनिर्देशाचे पान तेवढे तसेच राहिले आहे. त्यात मुख्याध्यापक, मार्गदर्शक शिक्षक, आई-वडील आणि मित्रांचे आभार असतात. ज्या साधनाने अर्धी वही लिहून दिली, त्याचा उल्लेख नसतो.

हा उल्लेख करायला हवा. तो कसा करायचा, कुठे करायचा आणि तो वाचल्यावर शिक्षकांनी काय करायचे, हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. खरी अडचण तिसऱ्या प्रश्नात आहे.

उल्लेख कशासाठी करायचा?

कारणे दोन आहेत. पहिले, गुण विद्यार्थ्याला मिळतात, म्हणून त्याने स्वतः काय केले हे तपासणाऱ्याला कळायला हवे. दुसरे, वहीतल्या एखाद्या आकड्याबद्दल शंका आली तर तो आकडा कुठून आला हे वाचणाऱ्याला शोधता यायला हवे.

या दोन कारणांसाठी प्रकल्पात दोन वेगळ्या जागा आहेत. ‘मदत कोणी केली’ हे ऋणनिर्देशात लिहायचे असते आणि ‘माहिती कुठून आली’ हे संदर्भसूचीत. एआयचा उल्लेख करताना बहुतेक गोंधळ या दोन जागांची सरमिसळ झाल्याने होतो. संदर्भसूचीत पाठ्यपुस्तक, विकिपीडिया आणि त्याखाली नुसते ‘चॅटजीपीटी’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. कोणता प्रश्न विचारला, कोणत्या दिवशी विचारला, उत्तरातले काय घेतले, यातले काहीही त्या एका शब्दात नसते.

खान्देशाला हे नवे आहे का?

नाही. श्रेय कोणाचे आणि लिहिणारा कोण, हा फरक या भागाने फार आधी पाहिला आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरात आणि शेतात काम करता करता त्या ओव्या रचत. त्यातल्या काही त्यांचे पुत्र सोपानदेव चौधरी आणि त्यांच्या मावसभावाने लिहून घेतल्या. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. १९५१ मध्ये बहिणाबाईंचे निधन झाले आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. कागदावरचे अक्षर दुसऱ्याचे असले, तरी पुस्तकावर नाव आईचे लागले. आज जळगावच्या विद्यापीठालाही तेच नाव आहे.

आजच्या प्रकल्पवह्यांना हा धडा उलट्या बाजूने लागू पडतो. अनेक शाळा ‘प्रकल्प स्वतःच्या हस्ताक्षरातच हवा’ अशी अट घालतात. हस्ताक्षर स्वतःचे असल्याने मजकूर स्वतःचा होत नाही. मोबाइलच्या पडद्यावरचे उत्तर निळ्या शाईने उतरवले, तरी ते पडद्यावरचेच उत्तर राहते.

दुसरे उदाहरण धुळ्याचे आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून जुने दप्तर गोळा केले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड उभे केले. पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. बखरीत लिहिले आहे म्हणून ते खरे, हे त्यांना मान्य नव्हते. अस्सल कागद कुठे आहे, हा त्यांचा प्रश्न असे. १९२६ मध्ये धुळ्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही शहरात आहे. ‘हे तुला कशावरून कळले?’ हा त्यांचा प्रश्न एआयच्या उत्तरालाही तसाच विचारायला हवा.

मग एआय हा ‘संदर्भ’ का होऊ शकत नाही?

ही साधने चालतात कशी, यात याचे उत्तर आहे. चॅटजीपीटीसारखे भाषा मॉडेल पुस्तकाचे पान उघडून वाचून दाखवत नाही. प्रचंड मजकुरावरून शिकलेल्या आकृतिबंधांच्या आधारे पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज घेत ते वाक्य तयार करते. काही साधने आता इंटरनेटवर शोध घेऊन दुवेही देतात, पण वाक्य बनवण्याची मूळ पद्धत तीच राहते. म्हणून तोच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तराचे शब्द बदलतात. आणि जिथे माहिती अपुरी असते, तिथे वाक्य तितक्याच आत्मविश्वासाने पूर्ण होते.

याचा फटका शिकल्यासवरलेल्या लोकांनाही बसला आहे. न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेले निकाल सादर केले. जून २०२३ मध्ये त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. आपल्याकडे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर विभागाचा एक करआकारणी आदेश रद्द केला. त्या आदेशात आधार म्हणून दिलेले निकाल शोधूनही सापडत नव्हते. एआयच्या काळात अशी माहिती पडताळल्याशिवाय वापरू नये, असे न्यायालयाने बजावले.

आता हेच साक्री तालुक्यातल्या एखाद्या शाळेत आणून पाहावे. विषय आहे पांझरा नदीवरची फड पद्धत. बंधारा, कालवा, चारी, फडांची वाटणी, पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या अशी ही शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतः चालवलेली सिंचनव्यवस्था आहे. एआय तिची सर्वसाधारण व्याख्या बरी देईल. पण ‘आपल्या गावच्या बंधाऱ्यावर आज किती फड चालू आहेत’ या प्रश्नावर ते एखादा आकडा ठोकून देण्याची शक्यता आहे. तो आकडा वहीत गेला आणि खाली ‘संदर्भ : चॅटजीपीटी’ असे लिहिले, तर राजवाड्यांच्या शहराशेजारी कागद नसलेला इतिहास तयार होतो. तिथे संदर्भ हवा तो गावातल्या शेतकऱ्याचा, जलसंपदा विभागाच्या नोंदीचा किंवा छापील पुस्तकाचा.

नियम साधा आहे. माहिती एआयकडून कळली असेल, तर तिचा मूळ आधार शोधावा, तो स्वतः उघडून पाहावा आणि संदर्भसूचीत तो द्यावा. आधार सापडला नाही, तर ती माहिती वगळावी. एआयचे नाव मदतीच्या नोंदीत येते. एआयचे उत्तर हाच अभ्यासाचा विषय असेल, म्हणजे ‘एआयला अहिराणी कितपत येते’ असा प्रकल्प असेल, तेव्हाच ते संदर्भ म्हणून चालते.

कशाचा उल्लेख करायचा आणि कशाचा नाही?

प्रत्येक बारीकसारीक गोष्टीचा उल्लेख करायला लागले तर विद्यार्थीही कंटाळतील आणि शिक्षकही. ढोबळ विभागणी अशी करता येते :

– शब्दाचा अर्थ पाहणे, मोबाइलच्या कीबोर्डने शुद्धलेखन सुधारणे : उल्लेखाची गरज नाही.

– अवघड संकल्पना समजून घेणे, विषय किंवा प्रकरणे सुचवून घेणे : एक ओळ पुरे.

– भाषांतर करून घेणे, स्वतः लिहिलेल्या मजकुराची भाषा सुधारून घेणे : उल्लेख करावा आणि मूळ मसुदा जपून ठेवावा.

– परिच्छेद जसाच्या तसा घेणे : तो अवतरणचिन्हांत टाकावा आणि तिथेच उल्लेख करावा. असे परिच्छेद एक-दोनच असावेत.

– चित्र, आलेख, तक्ता किंवा संगणकीय कोड तयार करून घेणे : त्या चित्राखाली किंवा कोडच्या वरच लिहावे.

– सर्वेक्षणाचे आकडे, मुलाखती, प्रयोगाची निरीक्षणे एआयकडून ‘बनवून’ घेणे : हे करूच नये. उल्लेख केल्याने खोटे निरीक्षण खरे होत नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. अकरावी-बारावीच्या पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षेच्या प्रकल्पात किंवा पदवीच्या क्षेत्रीय प्रकल्पात वीस घरांचे सर्वेक्षण सांगितले असेल, तर ती वीस घरे फिरायलाच हवीत. रावेर-यावलच्या केळीबागांत पाणी किती लागते, हे बागेत उभे राहून विचारावे लागते.

नेमके शब्द कोणते?

पाच गोष्टी लिहिल्या की काम भागते : कोणते साधन, कधी वापरले, काय विचारले, उत्तराचे काय केले आणि काय पडताळले. शाळेतला विद्यार्थी ऋणनिर्देशाच्या पानावर असे लिहू शकतो :

‘या प्रकल्पासाठी चॅटजीपीटी (ओपनएआय) या साधनाची मोफत आवृत्ती १४ आणि १६ ऑगस्ट रोजी वापरली. “फड पद्धत म्हणजे काय ते सोप्या मराठीत सांगा” आणि “या विषयाच्या प्रकल्पाची प्रकरणे सुचवा” असे दोन प्रश्न विचारले. प्रकरणांचा क्रम त्यातून घेतला. पहिल्या प्रकरणातील व्याख्या त्या उत्तरावरून समजून घेऊन स्वतःच्या शब्दांत लिहिली. त्यात दिलेली बंधाऱ्यांची संख्या कुठेच पडताळता आली नाही, म्हणून वगळली. गावातील मुलाखती आणि छायाचित्रे आमची आहेत.’

महाविद्यालयातली नोंद याहून छोटी असू शकते : ‘प्रकरण ३ मी मराठीत लिहिले. त्याचे इंग्रजी भाषांतर जेमिनी (गुगल) या साधनाने केले आणि मी ते ओळीओळीने तपासले. मूळ मराठी मसुदा परिशिष्टात जोडला आहे.’

संशोधनाच्या पातळीवर ठरलेल्या शैली आहेत. २०२३ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने, म्हणजे एपीएने, दिलेल्या पद्धतीत लेखकाच्या जागी कंपनीचे नाव येते. पुढे वर्ष, साधनाचे नाव, आवृत्ती आणि दुवा. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची, म्हणजे एमएलएची, पद्धत साधनाला लेखक मानत नाही. तिथे शीर्षकाच्या जागी विचारलेल्या प्रश्नाचे वर्णन येते, मग साधन, आवृत्ती, कंपनी, तारीख आणि दुवा. एआयला सहलेखक करू नये, यावर मात्र संशोधन नियतकालिकांची मोठी सहमती आहे. लेखक म्हणजे मजकुराची जबाबदारी घेणारा आणि साधन ती घेऊ शकत नाही. आठवीच्या वहीला एपीए-एमएलए लागत नाही. पण जबाबदारी वहीवर नाव लिहिणाऱ्याची, हे तत्त्व तिथेही तेच आहे.

एआय पकडणारे सॉफ्टवेअर आहे, मग नोंदीची गरज काय?

अशा सॉफ्टवेअरवर विसंबणे धोक्याचे आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असे एक साधन काढले होते. कंपनीच्याच चाचणीत ते एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखत होते आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर चुकून एआयचा शिक्का मारत होते. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने ते बंद केले.

खान्देशासाठी त्याहून महत्त्वाचा अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांचा आहे. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात शोधक साधनांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध एआयने लिहिलेले ठरवले गेले. कारण ही साधने साधी, अपेक्षित शब्दरचना दिसली की संशय घेतात आणि नवी भाषा शिकणारा माणूस नेमके तसेच लिहितो. घरी अहिराणी, लेवा किंवा पावरी बोलणारा, मराठी माध्यमातून शिकलेला आणि पदवीला इंग्रजीत अहवाल लिहिणारा विद्यार्थी या यंत्रासमोर पहिल्यांदा आरोपी ठरतो. त्याने प्रत्येक वाक्य स्वतः झगडून लिहिलेले असले तरीही.

वाङ्मयचौर्य तपासणारे सॉफ्टवेअर वेगळे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांचे टप्पे आहेत. पण ते सॉफ्टवेअर आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी तुलना करते. एआयची वाक्ये दर वेळी नव्याने जुळवलेली असल्याने साम्य कमी दिसू शकते. त्यामुळे कमी टक्केवारी म्हणजे प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र नव्हे.

नियम आधी सांगितला नाही तर काय होते, हे २०२४ मध्ये दिसले. हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठाने विधी शाखेच्या विद्यार्थ्याची उत्तरे ८८ टक्के एआयची असल्याचे ठरवून त्याला नापास केले. तो पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात गेला. एआयला मनाई करणारा नियम कुठे आहे, असा त्याचा एक मुद्दा होता. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केले आणि याचिका निकाली निघाली. मूळ प्रश्न तसाच राहिला.

मग शिक्षकांनी काय करायचे?

तिसरा आणि अवघड प्रश्न तो हा. प्रामाणिकपणे नोंद करणाऱ्याचे गुण कापले आणि लपवणाऱ्याला ‘सुंदर प्रकल्प’ असा शेरा मिळाला, तर पुढच्या वर्षी वर्गात एकही नोंद दिसणार नाही. मुले नियम वाचत नाहीत, गुण कसे पडतात ते पाहतात. म्हणून पहिला नियम शिक्षकांसाठी हवा : नोंद केली म्हणून गुण कापायचे नाहीत. गुण कमी व्हायचेच असतील, तर ते स्वतःचे काम कमी असल्याबद्दल व्हावेत.

दुसरे, नियम प्रकल्प देतानाच सांगावा. प्रत्येक प्रकल्पाला एकच नियम लागू असण्याचे कारण नाही. निबंधात भाषेचीच परीक्षा असते, तिथे एआय नको असे म्हणता येते. विज्ञानाच्या अहवालात भाषांतराला मुभा देता येते. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट मंडळाने फेब्रुवारी २०२३ मध्येच सरसकट बंदी नाकारली आणि वापर केला तर श्रेय स्पष्ट द्या, अशी भूमिका घेतली. त्याउलट सीबीएसईने त्याच वर्षी बोर्डाच्या परीक्षागृहात चॅटजीपीटीला मनाई केली. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य आहेत. परीक्षा आणि प्रकल्प या वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरे, दोन मिनिटे तोंडी विचारावे. ‘हा शब्द का वापरलास? हा आकडा कुठून आणलास?’ एवढे दोन प्रश्न कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त सांगतात.

‘साठ-सत्तर मुलांच्या वर्गात हे कसे जमणार?’ हा आक्षेप खरा आहे. पण सगळ्यांना विचारण्याची गरज नाही. कोणालाही विचारले जाऊ शकते, हे माहीत असणे पुरेसे असते. दर वेळी चिठ्ठी काढून आठ-दहा मुलांना बोलावले तरी चालेल.

‘मग सगळेच एआयकडून लिहून घेतील आणि खाली एक ओळ टाकतील’ हा दुसरा आक्षेप. नोंद ही सूट नाही. सगळे साधनाने लिहिले अशी नोंद प्रामाणिक ठरेल, पण त्या वहीत गुण देण्यासारखे विद्यार्थ्याचे काही उरलेले नसेल.

तिसरा आक्षेप मुलांचा असतो आणि तो चपखल आहे. मोठ्या भावाने प्रकल्प लिहून दिला, क्लासच्या सरांनी मुद्दे काढून दिले, दुकानातून तयार प्रकल्प आणला, तेव्हा कोणी नोंद मागितली? खरे आहे, मागितली नाही. ज्या घरात इंजिनीअर भाऊ किंवा शिक्षिका आई आहे, तिथली मदत आजवर न विचारता खपून गेली. चोपडा किंवा शिरपूरच्या आदिवासी पाड्यावरून येणाऱ्या मुलीला रात्री नऊ वाजता इंग्रजी वाक्य समजावून सांगणारे कदाचित पहिल्यांदाच काहीतरी हातात आले आहे. सरसकट बंदी घातली तर नुकसान तिचे आधी होते. म्हणून नोंदीची सवय एआयपुरती ठेवू नये. दादा, क्लास, गाईड आणि मोबाइल, ज्याची मदत झाली त्याचे नाव पानावर यावे.

पालकांनी काय पाहावे?

साधन वापरण्याचे वय. ओपनएआयच्या अटींनुसार १३ वर्षांखालील मुलांनी चॅटजीपीटी वापरायचे नाही आणि १८ वर्षांखालील मुलांना पालकांची परवानगी लागते. युनेस्कोनेही सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गातील वापरासाठी किमान १३ वर्षांची मर्यादा सुचवली आहे. पाचवीच्या मुलाचा प्रकल्प पालकांनी आपल्या मोबाइलवरून ‘करून’ दिला, तर नोंद पालकांच्या नावाने व्हायला हवी. शिवाय सर्वेक्षणातल्या लोकांची नावे, मोबाइल किंवा आधार क्रमांक अशा साधनांत टाकू नयेत. ती माहिती त्या लोकांनी मुलांवर विश्वास ठेवून दिलेली असते.

थोडक्यात

वहीच्या पहिल्या पानाआड पाच ओळींची जागा ठेवायला शाळेला खर्च येत नाही आणि त्यासाठी वरून परिपत्रक येण्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. मुख्याध्यापकांनी ठरवले तर येत्या सत्रापासून ‘मदतीची नोंद’ असा मथळा प्रत्येक प्रकल्पात येऊ शकतो. सुरुवातीला काही मुले ती रिकामी सोडतील, काही अर्धीच भरतील. पहिली खरीखुरी नोंद ज्या वहीत सापडेल, त्या वहीचे शिक्षक काय करतात, यावर उरलेल्या वर्गाचे ठरेल.